खाऊच्या शोकेसमध्ये काडतुसं

मी एक जुनी सागवानी शोकेस आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मी भित्री नाही. माझ्या अंगावर एकदा साखरेची भरलेली गोण आदळली होती, तरी माझी काच तडकली नाही. पण गावाच्या सभेत मी जे ऐकलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

माझा जन्म पालघरला, महादू सुताराच्या ओट्यावर झाला. साल चौऱ्याहत्तरच्या आसपासचं. बोईसरला तेव्हा कारखाने उभे राहत होते, आजूबाजूच्या गावांत वस्ती वाढत होती. त्यांतल्याच एका गावात कमलाकांत नावाच्या गृहस्थांना खाऊचं दुकान काढायचं होतं. महादूने विचारलं, "गिऱ्हाईक कोन तुमचं?" कमलाकांत म्हणाले, "पोरंच की!" त्यावर महादू म्हणाला, "मंग खालचा कप्पा मोठा ठेवतो. पोरांना दिसला पायजे."

झालं! माझा खालचा कप्पा थेट लहान मुलांच्या डोळ्यांसमोर आला. त्यात राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, लाल-पिवळी पेपरमिंटं असत. समोर पंचायतीची खोली होती. सकाळी तिच्यात बालवाडी भरे आणि गावाची सभा असली की ती सभा खोलीच्या ओसरीवर बसे. बालवाडी सुटली की सगळी फौज माझ्यावर चालून यायची. काचेला शेंबडी नाकं लावायची, चिकट हात पुसायची. मी मनातल्या मनात फार चिडायचे. पण सुटीत ती आली नाहीत, की मला करमायचं नाही, हेही खरं.

बालवाडीच्या भिंतीला लागून मुरबे गावची काशीबाई सुकट आणि सुके बोंबील विकायला बसायची. तोंडाने फटकळ, पण मोठ्या मनाची बाई. बालवाडीच्या पुष्पलताबाईंनी तक्रार केली, की सुकटीवरच्या माश्या मुलांच्या खाऊवर बसतात. तक्रार रास्त होती. पंचायतीने ठराव केला आणि काशीबाईला गावाच्या टोकाला जागा दिली. काशीबाईने चार शिव्या हासडल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मला वाटलं, वा! आपल्या गावात मुलांची केवढी काळजी घेतात!

पुढे कमलाकांत थकले. त्यांनी दुकान माझ्यासकट चंद्रभानला विकलं. चंद्रभान गावचाच, हसतमुख, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. त्याने मला पॉलिश केलं, नवीन कुलूप लावलं. मी नव्या नवरीसारखी नटून वाट पाहत होते, की आता कोणती मिठाई येणार?

आल्या बंदुका! चिकूच्या वाडीवाल्यांसाठी आणि कारखान्यांच्या पहारेकऱ्यांसाठी. चंद्रभानने रीतसर परवाना काढला होता. वरच्या कप्प्यात त्या लांब नळ्या साखळीने बांधून ठेवल्या आणि खालच्या मोठ्या कप्प्यात पितळी बुडांची लालभडक काडतुसं मांडली. मित्रांनो, माझं लाकूड गार पडलं.

दुसऱ्याच दिवशी बालवाडीतली नलू आली. मुठीत नाणं होतं. तिने काचेवर बोट ठेवलं नि म्हणाली, "काका, त्यातला लाल खाऊ द्या ना."

चंद्रभान हसला. "अगं, ते खायचं नसतं."

मला हसू आलं नाही. मागे नलूची आई उभी होती. तिने नलूला उचललं आणि तडक नवसीबाईचं घर गाठलं.

सरपंचपदं बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा डोंगरपाड्याची नवसीबाई आमची पहिली बाई सरपंच झाली होती. तिने सभा बोलावली. ओसरी ओसंडून गेली. बंदुकीचं दुकान बालवाडीपासून लांब न्यावं, यासाठी झाडून सगळे हात वर झाले. चंद्रभानसुद्धा खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, सुटले बाई!

ठराव वर गेला. पुढच्या सभेत ग्रामसेवक वामनराव उभे राहिले. म्हणाले, "वरून उत्तर आलंय. बंदुकीच्या दुकानाचा परवाना वरचं सरकार देतं. ते कुठे असावं, कुठे नसावं, यावर पंचायतीला नियम करता येत नाही. आपला ठराव रद्द."

काशीबाई ताडकन उठली. "माजी सुकट हटवली तवा कोनाला इचारलंत? सुकटीवर माश्या बसतात म्हनून मी उठली. आनि ह्यो बार उडवनारा माल पोरांच्या तोंडासमोर चालतो?"

"काशीबाई, सुकट आपल्या अखत्यारीत आहे," वामनराव कळवळून म्हणाले. "बंदूक नाही."

मी सुन्न झाले. उकिरडा, हातगाडी, माशांची टोपली, सगळं हलवणारं हे गाव माझ्या एका कप्प्यापुढे हात टेकून बसलं होतं!

नवसीबाई वामनरावांकडे वळली. मग तिने विचारलं, "दुकान हलत नाय. मंग बालवाडी तरी हलवू शकतो का आमी?"

वामनरावांनी मान खाली घातली. "हो. तो अधिकार आहे."

"चंद्रभान, तुला काय बोलायचं हाय?"

"मी परवाना घेऊनच बसलोय, वहिनी," तो पुटपुटला. "दुसरी जागा कुठून आणू?"

दोन दिवसांनी बालवाडी उठली. काशीबाईने आपली गावाच्या टोकाची छपरी शेणाने सारवून दिली होती आणि स्वतः उन्हात जाऊन बसली होती. पुष्पलताबाईंच्या मागून मुलं निघाली. कुणी पाटी घेतली होती, कुणी सतरंजीचं टोक धरलं होतं. नलू सवयीने माझ्याकडे वळली. नवसीबाईने तिचा हात धरला. "तिकडं बघायचं नाय, बाय," ती म्हणाली.

मित्रांनो, मला बघण्यासाठीच तर घडवलं होतं! त्या दिवशी पहिल्यांदा कुणी तरी एका मुलीला माझ्याकडे बघू नको म्हणालं, आणि ते बरोबरच होतं. मला रडता येत नाही, एवढंच.

जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी "आमची निगा राखा" म्हणतात. मी म्हणणार नाही. मला कुलूप आहे, साखळी आहे, वरून आलेला परवानाही आहे. माझं कुणी वाकडं करू शकत नाही. ती मुलं मात्र सतरंजी ओढत रस्त्याने चालली होती. जपायचंच असेल तर त्यांना जपा.