व्याह्यापुढं आडवं कोण होणार

हौसरावांइतका ताठ माणूस आमच्या अख्ख्या दौंड तालुक्यात नव्हता, आणि त्या ताठपणाची किंमत मी एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मोजली.

त्या वर्षी भीमेचं पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं. पलीकडं, शिरूरच्या काठाला, एका घळीत लांडगीण व्यायली होती. ती अंधार पडला की नदी ओलांडायची आणि माझी मेंढरं उचलायची. निम्मा कळप संपला होता. उरलेला गेला की मेंढरांवरचं माझं जगणंच संपणार होतं.

हौसरावांकडं रायफल होती. पुण्यातल्या कुणा म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून आणलेली, हत्तीसाठी बनवलेली. आमच्याकडं हत्ती नसतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चावडीपुढं बसून ते गावाला धडे द्यायचे.

"ही लई लाथ मारती. उभं ऱ्हाऊन मारली का माणूस उताणा! पालथं पडायचं, नळीखाली वाळूचं पोतं घ्यायचं, दस्ता खांद्यात घट्ट रुतवायचा, पाय फाकून भुईला चिकटायचं. मंग लाथ अख्ख्या अंगात जिरती आन् नेम हालत न्हाई."

शिकवणं खोटं नव्हतं. माळावर पालथं पडून त्यांनी लांबवरचं मडकं फोडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. म्हणून तर त्यांचे पाय धरले.

लांडगीण दिवस मावळताना घळीच्या तोंडाशी एका खडकावर येऊन बसायची. आमच्या काठावरून तो खडक एकाच जागेवरून दिसायचा, बाकी सगळं बाभळीचं गचपण. त्या जागेवर मी आणि माझी बायको सोजरबाई, आम्ही वाळूची पोती भरून ठेवली. हौसराव नवाकोरा फेटा बांधून आले. मागं निम्मं गाव. लांडगीण खडकावर आली, आरामात बसली. सगळे श्वास रोखून थांबले, आणि हौसराव नुसते उभे.

घळीच्या वर, उंचावर, शंकररावांची वस्ती होती. शंकरराव म्हणजे हौसरावांच्या सुनेचे वडील. तमाशा बघायला ते चार माणसं घेऊन ओट्यावर येऊन बसले होते.

"आबा, पडा की पालथं," मी कुजबुजलो.

"त्यांच्याकडं डोकं करून? व्याह्यापुढं दंडवत घालू व्हय? आम्ही मुलाकडचं हाय, म्हाळू!"

"मंग बसून मारा."

"गुडघं टेकू त्यांच्यापुढं?"

सोजरबाई म्हणाली, "आबा, त्यास्नी कळतंय की तुम्ही बंदुकीसाठी पडलाय."

"गावाला कळतंय का?" ते म्हणाले. मी गावाकडं पाहिलं. एकजात सगळे माना डोलावत होते. आबांचं बरोबर हाय म्हणे! मला त्या सगळ्यांची किळस आली.

मग हौसरावांनी छाती काढली, टाचा जुळवल्या, आणि ते शाळेतल्या झेंड्याच्या काठीगत उभे राहिले. दस्ता खांद्याला नुसता टेकला, कारण घट्ट रुतवायला पुढं झुकावं लागतं. चाप ओढला.

गोळी कुठं गेली ते आजवर कुणाला कळलं नाही. हौसराव मात्र उताणे पडले होते, फेटा बाभळीत, गळ्याजवळचं हाड मोडलेलं. लांडगिणीनं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि ती सावकाश घळीत गेली. पोती तशीच भरलेली राहिली.

पाऊस पडून नदी भरायच्या आत माझा कळप संपला. शेवटची गाभण मेंढी गेली त्या सकाळी आम्ही दोघं हौसरावांच्या दारात गेलो. ते हात गळ्यात बांधून बसले होते, भोवती माणसं चहा पीत होती.

"हाड मोडलं," ते सांगत होते, "पर व्याह्यापुढं वाकलो न्हाई." माना डोलल्या.

सोजरबाई पुढं झाली. "आबा, मेंढरं संपली. आता आमचं ह्ये दौंडच्या स्टेशनात पोती वाह्यला जाणार. त्यास्नी दिसभर वाकाया लागंल."

हौसरावांनी माझ्याकडं मायेनं पाहिलं.

"म्हाळू, पाठीला जप बरं," ते म्हणाले, आणि पोतं कसं उचलायचं ते मला समजावून सांगू लागले.