राक्षसिणीच्या दाढा

रंगरावांच्या विहिरीवर अख्खं गाव लोटलं होतं. शाळा अर्ध्यात सोडून धावत आलेल्या दुर्गाबाई मास्तरणीला कोणी वाट देईना. ढकलाढकली करून ती पुढे घुसली. कडुनिंबाला दोराने बांधलेली तिची शेजारीण रुख्मिणी होती. तिचं कपाळ फुटून एक डोळा रक्तानं मिटला होता.

समोर शेंदूर फासलेला धोंडा. विहिरीच्या तळातून निघालेला. मळकट पांढऱ्या लेपात काळे, टोकदार तुकडे रुतलेले, जबड्यात दात असावेत तसे.

आदल्या दिवशी त्याच विहिरीत सुरुंग लावून खोदकाम चालू असताना दरड कोसळून रंगरावांचा थोरला मुलगा गाडला गेला होता. प्रेत बाहेर यायच्या आत मांत्रिक लिंबूबाबा हजर! अशा ठिकाणी यांना आमंत्रण लागत नाही. धोंडा पाहताच बाबा घुमू लागला, "राक्षसिणीच्या दाढा! कोनीतरी पोरगा चारला तिले!" खोदकामावर टोपल्या वाहणाऱ्या बाया धोंड्याच्या पाया पडल्या. रुख्मिणी तेवढी ताठ उभी राहिली. "आमी बुद्धाची दीक्षा घेतली, दगडाले हात नाई जोडत," म्हणाली. बाबाला सावज मिळालं. दुर्गाबाई पोहोचायच्या आधीच एकदा लिंबू पिळून त्यानं रुख्मिणीला हडळ ठरवलं होतं.

"फट् स्वाहा! जिच्या नावानं दाढा लाळ गाळतीन, तीच हडळ!" बाबा आता गर्दीकडे वळून ओरडला. "पुन्हा पाहून घ्या! आवडाबाई!" त्यानं लिंबू पिळलं. काही नाही. "कस्तुराबाई!" काही नाही. "रुख्मिणी!" धोंड्यावर फस्सकन फेस आला.

रंगरावांची काठी रुख्मिणीच्या मनगटावर बसली. काडकन आवाज झाला. "ठेचा रांडेले!" मागून दगड आले. दुर्गाबाई मध्ये पडली तशी पुढची काठी तिच्या खांद्यावर बसली.

"वं मास्तरीण, बाजूले हो!" रंगराव ओरडले. "ही कालच म्हणे, मालक, दरड खडे सांडून राह्यली, पोराले वर घ्या. हिनं बोललं आन् तसंच झालं!"

मरणाची भीती दुर्गाबाईलाही वाटली. पण पिळताना बाबाचा अंगठा कुठे फिरतो, ते तिनं पाहिलं होतं.

"एक लिंबू मले पिळू द्या, रंगराव. मंग दोघींलेही मारा."

बाबा धोंड्याला आडवा झाला. "तुह्या हातानं धोंड्याले बाट लागन!" रंगरावांनी काठीनंच त्याला मागे सारलं.

"रुख्मिणी!" म्हणत दुर्गाबाईनं काळ्या तुकड्यावर लिंबू पिळलं. काही नाही. "लिंबूबाबा!" म्हणून पांढऱ्या लेपावर पिळलं. फस्स! "दुर्गाबाई!" पुन्हा फस्स!

"लेप चुनखडीचा हाये. चुनखडीवर लिंबू फसफसतेच, नाव कोनाचंही घ्या. हा बाकीच्यायले काळ्यावर पिळे, हिले पांढऱ्यावर."

"मंग ह्या दाढा?" आवडाबाईनं भीत भीत विचारलं.

"ह्या टेकडीचे कपरे, तुटके धारदार दगड. उन्हापावसानं फुटते, घरंगळून खाली येते. नदीनं दुरून वाहून आनले असते, तर घासून गोल झाले असते. हे इथंच पडले, म्हनून टोकं शाबूत. त्यायच्यावर गाळ बसला, पाण्यासंगं चुनखडी झिरपली, तिनं सारं सांधलं. हजारो वर्षं लागली, तवा हा धोंडा झाला." ती रंगरावांकडे वळली. "वरचा थर अजून सांधलाच नाई, रंगराव. मोकळे कपरे हायेत. सुरुंगानं ते हालले आन् दरड सुटली. रुख्मिणीनं शाप नोता दिला. तुमच्या पोराले वाचवाले पाहत होती ती."

रंगराव काठी टाकून खाली बसले. मेलेल्या मुलाचं नाव घेऊन ते लहान पोरासारखे रडू लागले.

बाबानं धूम ठोकली, पण लोकांनी त्याला पकडून खाली पाडलं. आता त्याच काठ्या त्याच्यावर उगारल्या गेल्या.

"थांबा!" निंबाला टेकलेली रुख्मिणी कण्हत म्हणाली. "त्याले पोलिसात द्या. त्यानं लिंबूच पिळलं. माहा हात तर तुमी मोडला."

उगारलेल्या काठ्या खाली आल्या. रंगरावांनीच उठून दोर सोडला, बैलगाडी जुंपली आणि ते रुख्मिणीला वाशीमच्या दवाखान्यात न्यायला निघाले.

गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली दुर्गाबाई गर्दीला म्हणाली, "पुढं कोनी असा फेस दाखवला, तर आधी स्वतः एक लिंबू पिळून पाहा. काठीले कायची घाई हाये?"