नऊ व्होल्ट

मीटरने नऊ व्होल्ट दाखवले, तेव्हा माझा त्याच्यावर विश्वासच बसला नाही. तीन महिने आईच्या गळ्यातल्या यंत्रात असलेली बॅटरी इतकी भरलेली कशी? एव्हाना दोन तरी संपायला हव्या होत्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोकाभोकांच्या कच्च्या पाटीवर, वायर नुसती खोचलेली असते. सैल झाली की खरखरते, बोट लावलं की चूक सापडते. कथलाचा डाग देऊन पक्क्या केलेल्या बोर्डाची चूक मात्र चकचकीत डागाखाली लपते. आईसाठी ऐकायचं यंत्र बनवलं, तेव्हा ते ब्रेडबोर्डवर होतं तोवर तिने माझं डोकं खाल्लं होतं. "कानात कुणी कागद चुरगाळतंय रे." मग मी डाग दिले, डबीत बसवलं, तिच्या गळ्यात अडकवलं. तक्रार बंद. जन्मात कशाला बरं न म्हणणारी बाई "छान ऐकू येतं" म्हणाली आणि मी हुरळून गेलो.

आता डबी उघडी होती. बॅटरीच्या लाल वायरचा डाग वरून देखणा, आतून धरलेलाच नव्हता. टेबलावर सगळं चालायचं. झाकण लावलं की वायर उचलली जायची.

दोन महिन्यांपूर्वी थोरला भाऊ त्याच्या नोकरीच्या गावी वारला. आईच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता, म्हणून खुर्चीमागे उभा राहून, तिच्या खांद्यावर हात ठेवून मी ते सांगितलं. "बरं, बरं," ती म्हणाली, "तू जेवून घे." काय काळीज आहे, असं मी बायकोला म्हणालो. पुढे दर रविवारी "थोरल्याचा फोन आला का?" असं विचारायला लागली, तेव्हा धक्क्याने भ्रमिष्ट झाली, हे आम्ही ठरवून टाकलं. नुसतं थोपटायचो तिला. चांगल्या शहाण्या बाईला मी वेडी ठरवलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

जुना डाग काढून नवा दिला. झाकण लावून दोनदा तपासलं आणि डबी तिच्या गळ्यात घातली. माझी चप्पल फरशीवर घासली तशी ती दचकली.

"आई, इतके दिवस हे बंद होतं. बोलली का नाहीस?"

"तू एवढा खपलास. कुठल्या तोंडाने सांगू?" तिने डबी दोन्ही हातांत धरली. "बोल आता काहीतरी. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकतेय."

मी खुर्ची ओढून तिच्या समोर बसलो.