मोठ्ठा आ

दातांच्या दवाखान्यात कुणी हौसेने येत नाही. हसत बाहेर पडतो तोही फक्त पुढची तारीख मिळालेला पेशंट. हे त्या दातांच्या डॉक्टरला चांगलंच ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने तो चष्मा घेतला. दिसायला साधा काळा गॉगल, जरा जाडजूड. काडीतून एक वायर निघायची ती फोनला जोडायची. डोळ्यांवर चढवला की समोर भिंतीएवढा पडदा, कानाशी आवाज, आणि बाहेरच्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही की ऐकू येत नाही. पेशंट आपला सिनेमा बघेल, आपण आपलं काम करू, असा तिचा सरळ हिशेब होता.

हिशेब पहिल्याच दिवशी कोसळला. पोस्टमनकाकांना तिने विनोदी सिनेमा लावून दिला आणि दातांचा साचा घ्यायला तोंडात ट्रे बसवला. काका असे खदाखदा हसले की साच्यात प्रत्येक दात दोनदा उमटला आणि उरलेला गुलाबी लगदा तिच्या कोपरापर्यंत गेला. मग खालच्या दुकानातल्या शिंपीणबाईंना तिने रहस्यपट लावून दिला. पडद्यावर खून झाला आणि बाईंनी दात असे आवळले की तोंडातला आरसा सोडवायला विनवण्या कराव्या लागल्या. रडका सिनेमा लावला तर पेशंटचं नाक चोंदायचं. तोंडाने श्वास घ्यावा तर तोंडात डॉक्टरची बोटं. शेवटी तिने स्वयंपाकाचा कार्यक्रम लावून पाहिला, तेव्हा लाळेला असा पूर आला की ती ओढून घेणारी नळीसुद्धा गुरगुरायला लागली.

"पूर्वीचंच बरं होतं, मॅडम," दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरच्या जन्माआधीपासून त्या दातांच्या दवाखान्यांत काम करत होत्या आणि मनात आलेलं त्यांच्या ओठांवर फार वेळ थांबत नसे. "पेशंट घाबरायचे, पण बिचारे गुमान घाबरायचे."

चष्मा घरी आला. आणि घरी त्याला त्याचा खरा मालक भेटला, तिचे बाबा.

बाबांनी सगळा जन्म क्रेनवर काढला होता. उंच इमारती बांधताना आकाशात जी लांब हाताची क्रेन उभी असते, तिच्या टोकाला कपाटाएवढी काचेची खोली असते, तिथे. वारा सुटला की ती खोली डुलायची आणि बाबा आतमध्ये शांतपणे डबा खायचे. लहानपणी ती आईचं बोट धरून खाली उभी राहायची, हात हलवायची, आणि वरून बाबा भोंगा वाजवायचे. "बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?" असं तिने विचारलं की ते मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "भीती? ती कुठल्या गल्लीत राहते?" वर्गात ती हे वाक्य सगळ्यांना ऐकवायची.

आता निवृत्त झालेले बाबा सोफ्यावर पाय पसरून, चष्मा लावून फुटबॉलची मॅच बघायचे. मॅच फक्त त्यांनाच दिसायची आणि आरडाओरडा सगळ्या घराला ऐकू यायचा. "अरे पास दे, पास! गाढवा, डावीकडे बघ!" शांत खोलीत अचानक डरकाळी उठायची. तिची सव्वा वर्षाची मुलगी, घरात सगळे तिला ठकी म्हणत, आधी दचकायची. मग आजोबा ओरडले की टाळ्या वाजवायच्या असतात असं तिने ठरवून टाकलं. आई तर कमालीची खूश होती. कितीतरी वर्षांनी टीव्हीचा रिमोट तिच्या हाती आला होता.

"ही वस्तू माझ्या लग्नाआधी का नाही निघाली गं?" ती लेकीला म्हणाली.

सगळं झकास चाललं असतं, पण बाबांची दाढ दुखायला लागली.

खालची, उजवीकडची, सगळ्यात शेवटची. गाल सुजला, जेवण पातळावर आलं, आणि घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस उशीला गाल लावून बसायला लागला. लेक दातांची डॉक्टर, दवाखाना दोन गल्ल्या सोडून, आणि बाबा गोळ्या खाऊन दिवस ढकलत होते. "आपोआप बसेल," म्हणायचे. "हवेने झालंय," म्हणायचे. एकदा तर म्हणाले, "तुझे पैसे देणारे पेशंट बघ आधी, मी काय घरचाच."

तिला हे फार लागायचं. दवाखाना सुरू झाल्यापासून बाबा तिच्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते. उद्घाटनाला आले, भिंती थोपटल्या, खुर्चीचा जॅक वाकून वाकून तपासला, पण बसा म्हटलं तर उभेच राहिले. अख्खा रस्ता माझ्यापुढे तोंड उघडतो आणि माझ्या बापालाच माझ्या हातांचा भरवसा नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. नवऱ्याजवळ ती हे बोलून दाखवायची.

"चष्मा परत दवाखान्यात ने आणि त्याची लालूच दाखव," नवरा म्हणाला.

लालूच लागू पडली. मॅच लावणार असशील तर येतो, असं म्हणून बाबा एकदाचे आले. खुर्चीत बसले, चष्मा चढवला, फोनवर मॅच सुरू झाली. सिस्टरनी दिवा ओढला. आणि मग तिच्या लक्षात आलं की बाबा मॅच दातओठ खाऊनच बघतात. खेळ जितका रंगात, तितका जबडा घट्ट. त्या दोन ओठांमधून आरसा सोडाच, कागद सरकला नसता.

"बाबा, आ करा."

"हं," बाबा बंद तोंडानेच म्हणाले.

"बाबा, थोडासा!"

"थांब, कॉर्नर आहे."

कॉर्नर झाला, पेनल्टी झाली, मॅच संपली. बाबा उठले, "छान झाली," म्हणाले आणि घरी गेले. सिस्टर दारापर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या. "असा पेशंट मी पाहिला नाही. काही करून न घेता समाधानी!"

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. आता मात्र तिने हात टेकले. सूज वाढत होती. असंच चालू राहिलं तर बाबांना मोठ्या हॉस्पिटलात नेऊन, भूल देऊन, परक्या डॉक्टरकडून दाढ काढून घ्यावी लागणार होती. तिने तिथली वेळ ठरवायचं मनाशी पक्कं केलं. त्यांना बरं वाटणं महत्त्वाचं, माझा मान गेला खड्ड्यात, असं तिने स्वतःला बजावलं.

रविवारी दुपारी ठकीचं जेवण चाललं होतं. उकडून कुस्करलेलं गाजर, उंच खुर्ची, आणि समोर स्टुलावर बाबा. दाढ दुखो की आभाळ पडो, नातीला भरवायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. आईने नुकतंच त्यांना सूप आणून दिलं होतं आणि "तोंडच उघडत नाही गं" म्हणून त्यांनी ते परत पाठवलं होतं.

लेक समोर बसून हॉस्पिटलचा फोन नंबर शोधत होती. तिने सहज वर पाहिलं.

बाबांनी चमचा भरला. चमचा ठकीच्या तोंडाकडे निघाला. "आऽऽ कर, मोठ्ठा आ," बाबा म्हणाले, आणि त्यांचं स्वतःचं तोंड उघडलं. अर्धवट नाही. सताड. खिडकीतून ऊन थेट आत शिरलं होतं, आणि इतके दिवस जी दाढ बघायला ती तडफडत होती ती तिला बसल्या जागेवरून दिसली. मोडलेला कोपरा दिसला, काळं भगदाड दिसलं, सुजलेली हिरडी दिसली. ठकीने घास घेतला, बाबांनी तोंड मिटलं. पुढचा चमचा निघाला आणि पुन्हा दरवाजे उघडले.

"हलू नका बाबा!" ती किंचाळली.

बाबांनी झटकन तोंड मिटलं. "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही भरवा."

तिने नवऱ्याला खुणेने बोलावलं. दोघं दाराआडून बघत राहिले. प्रत्येक घासाला ठकी जेवढं तोंड उघडत होती, त्याच्या दुप्पट आजोबा उघडत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. नवऱ्याने हसू दाबायला तोंडात पंचा कोंबला. तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिने येऊ दिलं.

संध्याकाळच्या जेवणाला आई बाबांच्या खांद्यामागे फोन घेऊन उभी राहिली. "नातीचा व्हिडिओ काढते," एवढंच म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. पहिल्या घासापासून शेवटच्या ढेकरेपर्यंत सगळं टिपलं गेलं. पडद्यावर समोर ठकीचं गोल तोंड आणि खालून येणारा बाबांचाच हात, हातात चमचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दवाखान्यात आले. "आज कुठली मॅच?"

"आज तुमच्या आवडीच्या खेळाडूची आहे," ती म्हणाली आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

भिंतीएवढी ठकी समोर आली असावी, कारण बाबांचे खांदे सैल पडले. "अगं, ही तर आमची भवानी!" ते म्हणाले. मिशीखाली हसू पसरलं. मग त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून आपोआप थोडा उचलला गेला, आणि तोंड उघडलं. सताड.

सिस्टरच्या हातातला कापूस खाली पडला.

"सिस्टर, दिवा," ती कुजबुजली.

पहिल्या घासाला तिने दाढ नीट पाहून घेतली. दुसऱ्या घासाला हिरडीवर बधिर करणारं औषध लावलं. मग ठकीने गाजर थुंकलं असावं, कारण बाबा "अगं अगं, असं नाही करायचं" म्हणाले आणि तिला थांबावं लागलं. पुढच्या मोठ्या घासाला तिने सुई टोचली. बाबांच्या भुवया वर गेल्या, "ऊं" असा आवाज निघाला, पण घास अर्धवट ठेवून तोंड मिटतील ते आजोबा कसले. जबडा बधिर झाल्यावर तिने दातांमध्ये रबराचा ठोकळा सरकवला. आता तोंड मिटायची सोयच नव्हती, आणि मिटायचं त्यांच्या मनातही नव्हतं. तिने चिमटा धरला. मग तिने दाढ हलवायला सुरुवात केली. ती जुनी, हट्टी, अगदी मालकावर गेलेली दाढ होती. पण निघाली.

सिस्टरनी ती ताटलीत ठेवली तेव्हा टण्ण असा आवाज आला. ठकीने बहुतेक नेमकी तेव्हाच ढेकर दिली, कारण बाबा समाधानाने मान डोलवत होते.

तिने चष्मा काढला. बाबांनी डोळे मिचकावले, आधी ताटलीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"झालं?"

"झालं."

"तू काढलीस?"

"मग काय ठकीने काढली?"

कापसाचा बोळा दाताखाली धरून, बधिर ओठांनी बाबा कसंबसं म्हणाले, "मी घाबरत होतो गं."

"दुखेल म्हणून?"

"छे. ओरडेन म्हणून. तुझ्यासमोर." त्यांनी खुर्चीचा दांडा थोपटला. "तू खाली उभी राहून हात हलवायचीस. तुला वाटायचं, बाबा कशालाच भीत नाही. ते तुझ्या डोळ्यांतलं जायला नको होतं मला."

म्हणजे तिच्या हातांची शंका त्यांना कधी नव्हतीच. इतके महिने ती उगाच स्वतःला पोखरत बसली होती. तिने हातमोजे काढले आणि बाबांच्या सुजलेल्या गालाला गाल लावला. सिस्टरनी तोंड फिरवून उगाच दिव्याची काच पुसली.

"तुमचे हात मात्र चांगले आहेत," बाबा कापसातून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिला डॉक्टर म्हणून अहोजाहो केलं होतं. ते ऐकून तिला आकाश ठेंगणं झालं.

त्या दिवशी घरी बाबांना गार, मऊ असंच काहीतरी खायचं होतं. आईने भोपळा कुस्करून गार केला आणि ताटली त्यांच्यासमोर ठेवली. ओठ अजून बधिर होते, पहिलाच चमचा हनुवटीवर सांडला. ठकी आपल्या उंच खुर्चीतून हे सगळं गंभीरपणे बघत होती. घरात एवढी मोठी चूक होते आहे हे तिला पाहवलं नसावं. तिने हात पुढे करून चमचा मागितला. बाबांनी दिला.

तिने तो भोपळ्यात बुचकळला, अर्धा सांडला, आणि उरलेला आजोबांच्या तोंडाकडे न्यायला लागली. चमचा हेलकावे खात, वाऱ्यात डुलणाऱ्या क्रेनसारखा, हळूहळू पुढे सरकला. आणि सरकताना ठकीने स्वतःच मोठ्ठा आ केला. आतमध्ये, खाली उजवीकडे, हिरडी फोडून एक नवी पांढरी दाढ वर येत होती.

"अहो, बघा, बघा!" ती नवऱ्याला दाखवायला गेली, पण शब्द नीट निघेनात.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तिचंही तोंड सताड उघडं आहे. नवऱ्याचंही होतं. आईचंही. घास बाबांच्या तोंडात पोचेपर्यंत घरातलं एकही तोंड मिटलं नाही.