तीनचा खेळ

बायडाबाईने आधी गाठोडं आत सरकवलं, मग सुनेचं मनगट धरून तिला थेटराच्या बायकांच्या दारातून अंधारात ओढलं. बाहेर राहुरीच्या रस्त्यावर चैत्राचं ऊन असं पडलं होतं, की डांबर चपलेला चिकटत होतं. आत पत्र्याचं छप्पर तापलेलंच होतं; पण वर पंखे फिरत होते आणि टेकायला बाकं होती.

"मधल्या सुट्टीत उठू," बायडाबाई म्हणाली. "पाचच्या गाडीला लई येळ हाय. तवर स्टँडावर कशापायी भाजून घ्यायचं?"

मनकर्णा बसली. बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, एवढंच तिला आताशा जमत होतं.

"हितं कोन वळखतंय आपल्याला," बायडाबाई पुन्हा म्हणाली. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी तिनेच सुनेचा पदर पुढे ओढून मोकळ्या कपाळावर आणला.

सकाळची पाथर्डीची गाडी आलीच नव्हती. त्या गाडीने बायडाबाई सुनेला माहेरी पोचवायला निघाली होती. चार दिवसांसाठी नव्हे. गाठोड्यात मनकर्णाची होती नव्हती तेवढी लुगडी होती. थोरला दीर पुंजाराम परवा ओसरीवर बसून म्हणाला होता, "हिच्या पायगुणानं एक गेला. घरात लेकराबाळांचा राबता हाय. हिला पोचवून या." बायडाबाई तेव्हा बाजरी पाखडत होती. सुपाचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिने मान काही वर केली नाही.

मनकर्णाने तेही नुसतं ऐकलं. दिवाळीनंतर तिचा नवरा भिमाजी गेला, तेव्हापासून तिच्यापर्यंत सगळं लांबून, गोधडीआडून आल्यासारखं येई. तव्याचा चटका बसला तरी फोड आल्यावर कळे. ती रडलीही नव्हती. गावाने तेही पाहून ठेवलं होतं.

भिमाजीने विहिरीवर विजेची मोटार बसवून वर्षही झालं नव्हतं. पाटात काम करता करता ओल्या हाताने त्याने मोटारीची पेटी उघडली, आणि संपलं. दहाव्याला आलेल्या बायकांनी मनकर्णाला एकच गोष्ट फिरून फिरून विचारली. काही चाहूल लागली नव्हती का? कुत्रं रडलं का? दूध उतू गेलं का? आणि बायडाबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "माजा उजवा डोळा सकाळधरनं लवत हुता. जीव थाऱ्यावर नव्हता. अन् ही बायकू आसून हिला काई म्हंता काई कळलं न्हाई."

ते खरंच होतं. मनकर्णाने तो दिवस कितीदा तरी उलटापालटा करून पाहिला होता. भाकरी टम्म फुगली होती. त्याने अजून एक कांदा मागून घेतला होता. शेजारच्या कोंबड्या दारात आल्या, त्या तिने हाकलल्या. ऊन रोजच्यासारखंच अंगणभर पडलेलं होतं. त्या दिवसात कुठेच काही नव्हतं. मग आपल्यातच काही कमी असणार, असं तिने ठरवून टाकलं होतं.

उरलेले दिवेही मालवले आणि पडदा उजळला.

आधी नुसता बंगला दिसला. माणूस कुठेच नाही. दिवाणखान्यात पडदे हलत होते, खिडकी मात्र बंद होती. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलत होता. नळातून एक थेंब सुटला, बऱ्याच वेळाने दुसरा. पाठीमागे तंतुवाद्याची एकच तार कोणीतरी ताणून धरल्यासारखी वाजत होती, बारीक, न थांबता. मग जिन्यावर बूट दिसले. फक्त बूट. माणसाचं तोंड दाखवायची पिच्चरवाल्यांची तयारीच नव्हती. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी.

थेटरातलं शेंगदाणे फोडणं थांबलं. पुढच्या बाकावरच्या बाईने रडायला लागलेलं पोर छातीशी दाबलं. बायडाबाईला हिंदी कळत नव्हती, पण अजून कोणी एक शब्दही बोललं नव्हतं. तिने मनकर्णाचा दंड घट्ट धरला.

वर खोलीत एक बाई आरशापुढे बसून केस विंचरत होती. स्वतःशीच गुणगुणत होती. एकदा कंगवा अडकला, तिने गुंता बोटांनी सोडवला. मग पुन्हा जिना, पुन्हा बूट. हातमोजा घातलेला हात दाराच्या मुठीवर आला. मूठ सावकाश फिरू लागली आणि ती तार वाजायची एकदम थांबली. ती थांबल्यावर जे राहिलं, ते वाजण्यापेक्षा वाईट होतं. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"अगं बये, मागं बघ!" कोणीतरी न राहवून ओरडलं. "मागं बघ की गं!"

मनकर्णाला भीती वाटत नव्हती. बाकीच्यांना वाटते आहे, हे तिला दिसत होतं. ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती. बाई हातावर तेल घेऊन टाळूवर चोळत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नुसती रोजच्यासारखी दुपार होती.

"तिला ऐकू येत न्हाई," मनकर्णा म्हणाली.

मागची बाई फिसकन हसली. "पिच्चर हाय बाई त्यो. कसं येईल ऐकू?"

बायडाबाईने वळून बघितलं. सून आपणहून बोलली होती. "काय म्हनलीस?"

"ते वाजत हुतं ना मघापसनं. ते तिला ऐकूच येत न्हाई, आत्याबाई. आपल्यालाच येतंय. ती नुसती केस इंचरतीय."

दंडावरची बायडाबाईची पकड सैल झाली, पण हात तिथेच राहिला.

मनकर्णा त्या बाईकडे बघत राहिली. कंगवा खाली येत होता, वर जात होता. दिवाळीपासून तिच्या मानेत काहीतरी आवळून बसलं होतं, ते सुटत चाललं. डोळे जड झाले. पडद्यावर दार उघडलं, सगळं थेटर एका घशाने किंचाळलं. तिला ते विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू आलं, आणि नंतर तेही आलं नाही.

जाग आली तेव्हा दारावरचे जाड पडदे कोणीतरी बाजूला सारत होतं. उन्हाचा कलता पट्टा बाकांवर पडला होता. माणसं निघून गेली होती. तिचं डोकं सासूच्या खांद्यावर होतं, आणि खांद्यावर लुगड्याला लाळेचा ओला डाग पडला होता. ती घाबरून सरळ झाली.

"गाडी?"

"गेली आसंल."

"मधल्या सुट्टीला उठवायचं हुतं मला."

"हुतं," बायडाबाई म्हणाली. तिने अवघडलेला खांदा हळूहळू चोळला. पडदा पांढरा, कोरा होता. ती त्याच्याकडेच बघत होती.

"त्या दिशी माजा डोळाबिळा काई लवला न्हवता."

मनकर्णाने तिच्याकडे वळून बघितलं.

"मी शेजारच्या कडूबाईच्या वट्यावर बसले हुते. तिच्या इहीनबाईच्या गमती चालल्या हुत्या. पोट दुखस्तवर हसत हुते मी, मनकर्णे. मानूस पळत आला, त्यो मला सांगतोय, अन् माज्या तोंडावर हसू तसंच." तिने पदराने ओठ पुसले, जणू ते अजून तिथे होतं. "मग लोकांला काय सांगायचं? आई हाय मी."

झाडूवाला बाकांमधून टरफलं लोटत त्यांच्यापर्यंत आला. त्या उठल्या.

स्टँडावर धूळ उडत होती. पाथर्डीच्या फलाटावर कोणीच नव्हतं. पलीकडे देवळालीची, त्यांच्या गावाकडे परत जाणारी गाडी घरघरत उभी होती आणि कंडक्टर दारात लोंबकळून हाका मारत होता. बायडाबाईने गाठोडं मनकर्णाच्या हातातून घेतलं, त्या गाडीत वर ढकललं आणि दांडा धरून स्वतः चढली.

"भावजी काय म्हनतील?" खालून मनकर्णाने विचारलं.

"म्हनंल की. तोंड हाय त्याला. तू चढ आदी."

दोघींना जागा मिळाली. गाडी फॅक्टरीच्या रस्त्याला लागली, तसा उसाच्या फडांवरून वारा आत आला. मग मनकर्णा म्हणाली, "आत्याबाई, त्या बाईचं म्होरं काय झालं?"

"कंच्या?"

"केस इंचरत हुती ती. वाचली का?"

बायडाबाई गडबडली. "कुनाला ठावं. माजं ध्यान न्हवतं."

"सगळा पिच्चर संपला की. मग काय बघत हुता एवढा येळ?"

बायडाबाईने गाठोडं मांडीवर घेतलं, त्याची गाठ नीट होती तरी सोडून पुन्हा बांधली, आणि खिडकीबाहेर तोंड केलं.