मामाचा डबा आणि दोन टक्के

मामाने वर्तमानपत्राचं पान काचेवर सपाट केलं, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला. डबा काही बोलेना.

"भाचेबाई, तुमच्या नव्या वेगवान भाषेत मौनव्रताचीही सोय आहे वाटतं."

"थांब ना मामा. जरा वेळ लागतोय."

"जरा? मी वकिली करायचो तेव्हा न्यायाधीशसुद्धा एवढा वेळ घेत नसत. आणि घेतलाच तर अधूनमधून खोकायचे तरी. माणूस जिवंत आहे हे कळायचं."

ती ओठ चावत उभी राहिली. डबा म्हणजे बुटाच्या खोक्याएवढं यंत्र. वर काच, आत कॅमेरा आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक बारका, स्वस्तातला संगणक. छापील पान ठेवलं की डबा ते वाचून दाखवायचा. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून मामाचं वाचन म्हणजे हा डबा, आणि वाचन गेलं तर मामाकडे भांडायला विषयच उरले नसते. डब्यातला प्रोग्राम ज्या संगणकीय भाषेत लिहिला होता, त्या भाषेचं इंजिन, म्हणजे तिच्यातले सगळे प्रोग्राम चालवणारा मूळ प्रोग्राम, सांभाळणाऱ्या गटात ती कामाला होती. येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी प्रत तिनेच आज डब्यात घातली होती. वर "आता बघ कसा पळतो," अशी फुशारकीही मारली होती.

डब्याने अखेर घसा खाकरल्यासारखा आवाज केला, अग्रलेखाचं शीर्षक अर्ध्यापर्यंत वाचलं आणि तो बंद पडला.

"पळाला," मामा म्हणाला.

आधी तिने मेमरी कार्डावर संशय घेतला. कार्ड बदललं, डबा तसाच. मग लॅपटॉप जोडून आत काय चाललंय ते बघत बसली, आणि बघता बघता तिच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. प्रोग्राम सुरू व्हायच्या आतच इंजिनाने डब्याची बहुतेक मेमरी खाऊन टाकली होती. मामाचं पान वाचायला जागाच उरली नव्हती. डबा उरलेला पसारा कार्डावर ढकलत होता, परत आणत होता, पुन्हा ढकलत होता, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम कंटाळून प्रोग्रामच मारून टाकत होती.

मेमरी कोणी खाल्ली, हे तिला शोधावं लागलं नाही. तिच्या गटात वर्षभर हेच तर चालू होतं. एकदा शोधलेलं नाव पुन्हा शोधायला लागू नये म्हणून ते कुठे सापडलं ते जपून ठेवायचं. नेहमी लागणारे आकडे आणि छोटे शब्द आधीच बनवून ठेवायचे. वापरून झालेल्या रिकाम्या याद्या टाकून न देता पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवायच्या. प्रत्येक साठा इवलासा, प्रत्येकाने इंजिन नखभर वेगवान होणार. स्वयंपाकघरात कपाटापर्यंत जायचा त्रास नको म्हणून एकेक डबा ओट्यावर आणून ठेवावा, आणि एक दिवस भाजी चिरायला ओटाच राहू नये, तसं झालं होतं. थेंबे थेंबे तळं साचलं होतं आणि मामा त्यात बुडत होता.

जुनी प्रत परत घालून आजचं भागलं असतं. पण नवी आवृत्ती जाहीर झाली की डबा बनवणारी कंपनी तीच सगळ्या डब्यांत आपोआप भरणार होती. आवृत्ती या आठवड्यातच निघणार होती.

ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा होता. कुणीही कोडमध्ये बदल केला की काचेच्या खोलीतलं एक दांडगं यंत्र तो मोजायचं आणि पडद्यावर पट्टी उमटायची. हिरवी म्हणजे वेग वाढला, तांबडी म्हणजे घटला. हिरवी पट्टी दोन टक्क्यांच्या वर गेली की सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, असा रिवाज होता. तिच्यासाठीही वाजल्या होत्या. क्षणाचे कपटे कापते म्हणून तिला सगळे कात्री म्हणत. त्या दांडग्या यंत्रात इतकी मेमरी होती, की ती मोजावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्याच्या विहिरीला तळ नाही, तो बादल्या कशाला मोजेल?

गटप्रमुखाला पाठीमागे मुकादम म्हणत. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग हसला.

"कात्री, असली खेळणी हल्ली वापरतं कोण?"

"माझा मामा वापरतो, सर. दिसत नाही त्याला. त्याच्यासारखे हजारो जण वापरतात."

"मग त्यासाठी एक स्विच देऊ. ज्याला नकोत त्याने साठे बंद करावेत."

"आणि तो स्विच आंधळ्या माणसाने शोधायचा कुठे? अग्रलेखात?"

शेजारच्या टेबलावरचा रॉकेट फिसकन हसला. सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच्या नावावर होत्या. "इंजिनालाच बघू दे की सुरुवातीला मेमरी किती आहे ते," तो म्हणाला. "कमी असली तर साठे बनवायचेच नाहीत."

"बघायला वेळ जाईल," मुकादम म्हणाला. "सुरुवातीची पट्टी तांबडी होईल. पट्ट्या आपण जाहीर करून बसलोय."

डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या हजाराव्या भागासाठी हा माणूस अडून बसला होता, आणि तिकडे मामा मांडीवर हात ठेवून बसला होता. काही तरी फेकून मारावं असं तिला वाटलं. हाताशी फक्त कीबोर्ड होता. तिने तोच वापरला.

गटाच्या नियमांत एक जुना नियम होता. कुणीही एक सभासद आवृत्तीवर 'नाही' नोंदवू शकतो, आणि त्याचं समाधान होईपर्यंत आवृत्ती निघत नाही. नियम सगळ्यांना पाठ होता, पण वापरत कुणी नसे. भरल्या पंगतीत ताट उपडं करण्यासारखं ते मानलं जाई. तिने 'नाही' नोंदवलं.

"ठीक आहे," मुकादमाचा आवाज बर्फासारखा झाला. "पुरावा आण. तो तुझा डबा आण."

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर मामाही आला. "साक्षीदाराला घरी ठेवून नुसता मुद्देमाल पाठवायचा, ही कुठली रीत?" असं म्हणत त्याने इस्त्रीचा कोट चढवला होता. तिच्या दंडाला धरून तो मीटिंगच्या खोलीत शिरला आणि खुर्ची चाचपून बसला. सगळे टेबलाभोवती जमले. मामाने पान ठेवलं, बटण दाबलं.

सगळे वाट बघू लागले. कुणी खुर्ची सरकवली, कुणी घड्याळ बघितलं. रॉकेट पेन्सिलीने टेबलावर ताल धरू लागला आणि स्वतःच थांबला.

"तोपर्यंत मी या आवृत्तीविषयी थोडं सांगतो," मुकादमाने सुरुवात केली.

"नको," मामा म्हणाला. "यंत्र विचार करतंय. तुम्हीही करा."

डबा शीर्षकाचे तीन शब्द बोलला आणि मेला.

"आजोबा, आम्ही तुम्हाला नवं, मोठं यंत्र देऊ," मुकादम घाईने म्हणाला. "गटातर्फे भेट."

मामाने मान आवाजाच्या दिशेने वळवली. "आजोबा नातवंडांचा. तुमचा मी कोणी नाही. आणि मी इथे भीक मागायला आलो नाही. तुम्ही चालतं यंत्र मोडलंत, ते सांगायला आलो."

"मोडलं कुठे? वेग तर वाढलाय..."

"कुणाचा?"

तिने मुकादमाच्या उत्तराची वाट बघितली नाही. लॅपटॉप उघडला. स्वतःचा बदल मागे घ्यायला कुणाची परवानगी लागत नसे. तिने आपले साठे एकेक करून काढले: नावांचा काढला, याद्यांचा काढला, ज्याच्यासाठी कित्येक सुट्ट्या घालवल्या होत्या तो छोट्या शब्दांचाही काढला. भिंतीपलीकडे पडद्यावर तांबड्या पट्ट्या उमटत असणार. नवी प्रत डब्यात घातली. मामाने पुन्हा बटण दाबलं. या वेळीही थांबावं लागलं, पण मग डबा अडखळत बोलायला लागला आणि अग्रलेखाचा पहिला परिच्छेद त्याने शेवटपर्यंत वाचला.

"चला, प्रश्नच मिटला!" मुकादमाचा चेहरा उजळला. "तुझे साठे काढ, बाकीचे राहू देत. आणि तुझं 'नाही' उचल."

म्हणजे हिची वर्षाची मेहनत कचऱ्यात आणि इतरांच्या टाळ्या शाबूत. तेवढंही तिने गिळलं असतं. पण तिला पुढचं लख्ख दिसत होतं. तिने मोकळी केलेली जागा पुढच्या आवृत्तीत दुसरा कुणी तरी दोन टक्क्यांसाठी भरणार, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवणार.

"माझे साठे काढते," ती म्हणाली. मग तिने आवाज चढवला. "पण 'नाही' उचलणार नाही. आधी काचेच्या खोलीत असाच एक डबा बसवा. प्रत्येक बदल त्याच्यावरही चालला पाहिजे. त्याच्यावर जो अडेल तो आत येणार नाही, मग तिकडे कितीही हिरवा असो. माझाही नाही आणि रॉकेटचाही नाही."

"तू अख्ख्या गटाला वेठीला धरतेयस."

"हो. धरतेय."

"आवृत्ती लांबेल. आणि यापुढे इतरांचे बदल तपासायचं काम तुझ्याकडे राहणार नाही, हेही लक्षात ठेव."

"ठेवलं."

मुकादमाने टेबलाभोवती नजर फिरवली. कुणी तरी आपल्या बाजूने बोलेल, असं त्याला वाटलं असावं. रॉकेट खाली बघत म्हणाला, "सर, माझा आकड्यांचा साठा मोठा आहे. तसाही तो अडेलच त्या डब्यावर. मीही काढतो तो." त्याच्यावर कुणी हसलं नाही. मुकादम उठला. "बसवा तो डबा," असं दाराकडे बघून म्हणाला आणि निघून गेला.

आवृत्ती महिनाभर उशिरा निघाली. आधी जाहीर केलेल्या पट्ट्यांपेक्षा ती सावकाश होती आणि गटात सगळ्यांना त्याचं कारण ठाऊक होतं. जेवायच्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची बऱ्याचदा रिकामी राहू लागली. तपासणीचं काम खरंच काढून घेतलं गेलं. तिच्यासाठी कुणी परत टाळ्या वाजवल्या नाहीत. रोज संध्याकाळी ती दात आवळूनच घरी येई.

अशाच एका संध्याकाळी ती चपला काढत होती. आतल्या खोलीत डबा खणखणीत आवाजात अग्रलेख वाचत होता आणि मामा त्याच्यावर खेकसत होता, "खोटं! साफ खोटं! पुढे वाच, पुढे वाच, बघू अजून काय तारे तोडलेत!"

डबा न थांबता पुढे वाचत राहिला.