पूजेतला पाना

बोल्टचं डोकं गोल झालं ते जोतीरामांच्या घाईनं, शिव्या मात्र खाल्ल्या बिचाऱ्या बोल्टनं. त्याही अशा, की कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या त्या बोळात अष्टमीच्या संध्याकाळी दोन-तीन खिडक्या लागल्या. बाजार समितीतून निवृत्त झालेला, चारचौघांत मान असलेला माणूस बनियनवर, जुन्या फियाटच्या डाव्या चाकापुढं उकिडवा बसून एवढ्याशा लोखंडाशी भांडत होता.

चाकाचे तीन बोल्ट कुरकुरत का होईना सुटले होते. चौथ्याचं डोकं गंजून पापुद्रे सुटलेलं, त्यावर मापाचा पाना सैल पडत होता. शहाण्या माणसानं तेल सोडून ते रात्रभर मुरू दिलं असतं, सकाळी हातोडीनं चार बाजूंनी हळू टिचकावलं असतं. जोतीरामांनी फटीत पत्र्याची पट्टी ठोकली, पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि पाइपवर सगळा भार टाकला. पाना सटकला, बोटांची सालं गेली आणि बोल्टचे कोपरान् कोपरा झिजून तो पेढ्यासारखा गुळगुळीत झाला.

"झालं समाधान?" दारातून बाळाबाई म्हणाल्या. पन्नाशीतच नवऱ्याच्या स्वभावापुढं हात टेकलेली बाई, पण तोंड काही टेकलं नव्हतं. "त्यो बोल्ट कुजंल न्हाईतर काय हुईल? दर आवसेला त्याच चाकावर नारळ फोडताय. पानी मुरतंय, हळदकुक्कू मुरतंय."

"गाडीची पूजा नको करू व्हय?"

"करा की! उबी गाडी. जागची हलत न्हाय, पर तिची एक आवस चुकवली न्हाईसा. पोरीच्या दारात जायला मातुर तुमास्नी येळ न्हवता."

जोतीरामांनी सालं गेलेलं बोट तोंडात घातलं.

तेजस्वी ही त्यांची एकुलती लेक. लहानपणी याच फियाटखाली बापाशेजारी बॅटरी धरून बसायची आणि "आबा, दमानं" म्हणायची. तिनं शिरोळच्या रुद्रेशशी लग्न ठरवलं. पोरगा शिकलेला, नदीकाठची बागायत, स्वतःचा ट्रॅक्टर, सुपारीचंही व्यसन नाही. पण लिंगायत. जोतीराम मराठा, त्यात हेकट. भर बैठकीत, पाहुण्यारावळ्यांसमोर ते बोलून बसले, "करायचं तर कर. पर माझी गाडी त्या दारात लागायची न्हाय."

लग्न झालं. पण माहेरचा मुराळी न्यायला गेल्याशिवाय लेकीनं माहेरी पाऊल टाकायचं नाही, ही आपल्याकडची रीत, आणि तेजस्वी बापाचीच लेक. मुराळी आला नाही, तीही आली नाही. दसरे गेले, दिवाळ्या गेल्या. फियाट दारात उभी राहिली आणि उभ्या उभ्या तिचा टायर कुजला. यंदा घटस्थापनेला बाळाबाईंनी फोनवर रडून घेतलं, तेव्हा कुठं पोरगी म्हणाली, "नवमीला आबांना फियाट घिऊन यायला सांग. लोकांच्या देखत दारात लावू देत. मग येते. दुसरी गाडी नको, भाड्याची तर नकोच."

जोतीराम तोंडानं "बघू" म्हणाले होते. पण त्या दिवसापासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. इंजिन सुरू करून घेतलं, नव्या टायरचं चाक आणून ठेवलं; राहिलं होतं फक्त कुजल्या टायरचं चाक काढायचं. ही नवमी हुकली तर पोरगी पुन्हा निरोप धाडायची नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनीही धाडला नसता.

नवमीला उजाडताच ते हातोडी काढायला गेले, तर पेटी रिकामी. देवघरापुढच्या पाटावर हातोडी, पाने, पक्कड, जॅक, इतकंच काय, घरातली विळीसुद्धा ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर झेंडूचं फूल. आज खंडेनवमी. हत्यारं पुजायचा दिवस, आणि पुजलं की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्यांना हात नाही.

"अगं, आज चाक काढायचंय!"

"काल काढायचं हुतं," बाळाबाई म्हणाल्या. "आता हात लावशीला तर बगा. वर्षाचा सण हाय."

जोतीराम चप्पल घालून तडक उद्यमनगरात पिराजी मिस्त्रीकडं गेले. पिराजी अंघोळ करून, कपाळाला बोटभर गंध लावून गॅरेजच्या दारात बसला होता.

"डोकं गोल झालंय न्हवं? त्यावर नवा नट ठिवायचा, वेल्डिंग मारायचं, त्या तापल्याल्या नटाला धरून फिरवायचं. निघतंय की. चहा पिऊस्तोवरचं काम," पिराजी म्हणाला.

"मग ऊठ, चल."

"आज?" पिराजीनं आत बोट दाखवलं. वेल्डिंगच्या मशीनला हार, कॉम्प्रेसरला हार, जॅकपुढं नारळ. "उद्या सोनं लुटल्याबिगर ह्यातलं काय हलत न्हाय, आबा."

"अरं, पोरीला आणायची हाय!"

"म्हणूनच म्हणतोय. देवाच्या म्होरची पक्कड उचलून चाक काढायचं, आन् त्याच गाडीत पोरीला बशिवणार व्हय तुमी?"

जोतीराम घरी आले. फाटकापर्यंत गेले, परत आले. पंखा लावला, बंद केला. नळाची तोटी गळत नव्हती तरी पिळून पाहिली. बाहेर जाऊन त्या गोल बोल्टला अंगठ्यानं फिरवून बघितलं. तो कशाला फिरतोय! घड्याळ पुढं सरकत होतं आणि माणसाला काहीतरी करायला हवं होतं, पण करायची सगळी साधनं फुलाखाली निजली होती. त्यांना आयुष्यात इतकं हात बांधल्यासारखं कधी झालं नव्हतं. एक-दोनदा ते देवघराच्या उंबऱ्यापर्यंतही जाऊन आले. बाळाबाई नैवेद्याचं बघत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण मागं फिरणाऱ्या पावलांना म्हणाल्या, "येष्टीलाबी आज हार घालत्यात. घालत्यात आन् चालिवत्यात."

जोतीराम उभे राहिले. मग खुंटीवरचा सदरा त्यांनी ओढून घेतला.

"निघालो," एवढंच म्हणाले.

शिरोळच्या गाडीच्या तोंडाला खरंच हार होता आणि काचेला दोन्ही बाजूंना ऊस बांधलेले. जोतीरामांना खिडकी मिळाली, पण त्या खिडकीच्या पट्टीचा एक स्क्रू सैल होता आणि पट्टी सारखी थडथडत होती. त्यांनी नखानं पिळला, मग नाण्यानं पिळला. तो फिरत राहिला, आवळला काही नाही. आटेच गेले होते. दोन्ही अंगांना पुरुषभर उंच ऊस मागं पळत होता. आपण निघालोय खरे, पण ती म्हणाली होती गाडी घेऊन या. हात हलवत गेलेल्या बापाला तिनं दारातूनच परत लावलं तर? लावलं तर बरोबरच होतं तिचं.

स्टँडवर उतरून ते चालत निघाले. कट्ट्यावर चौघे बसले होते. त्यातल्या एका मिशाळानं हटकलं, "कुणाकडं, पावणं?"

"रुद्रेशकडं."

"कुठल्या? हितं ढीगभर रुद्रेश हाईत."

"ट्रॅक्टरवाला. शांतव्वांचा ल्योक."

"मग असं बोला की! तुमी कोन त्यांचं?"

जावई हा शब्द जोतीरामांनी आजवर घरात उच्चारला नव्हता आणि बाळाबाईंनाही मोठ्यानं उच्चारू दिला नव्हता. पोरगं, तो, शिरोळचा, असंच काहीतरी म्हणायचे. आता कट्ट्यावरचे चौघेही माना वर करून वाट बघत होते.

"सासरा," ते म्हणाले. बोलले ते इतकं हळू, की त्यांचं त्यांनाच बरं वाटेना. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "जावय हाय माझा रुद्रेश. लेकीला न्यायला आलोय."

मिशाळ उठून उभा राहिला आणि गल्लीच्या पार टोकापर्यंत जाईल असा ओरडला, "ए रुद्र्याऽ! तुझं सासरं आल्यात रं! चालत आल्यात!"

त्या आरोळीनं अर्धी गल्ली दारात आली. जोतीराम त्या सगळ्यांच्या देखत, मान खाली न घालता चालत गेले. हे गाडीतून उतरण्यापेक्षा फार अवघड होतं.

तेजस्वी पायरीवर उभी होती. पोरगी अंगानं थोडी भरली होती. तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं, रस्त्यावर गेली.

"गाडी?"

"न्हाय आली."

"आन् तुमी?"

"मी आलो," जोतीराम म्हणाले. येताना जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं गेलं कुठल्या कुठं, आणि तोंडातून आला तो बोल्टच. "डाव्या चाकाचा एक बोल्ट निघंना. म्या घाई केली, पाइप लावला, डोकं गोल झालं. आज हत्यारं पुजल्यात, पिराजी हात लावंना. घरात बसवंना मला. तू म्हनलीस गाडी आणा, पर..." त्यांचे डोळे भरले होते आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

तेजस्वीनं त्यांचा हात धरून उलटा केला. सालटं गेलेली बोटं, नखांत काळं वंगण.

"तेल सोडलंतासा?"

"न्हाय."

"लहानपनापास्नं सांगतीय, आबा. दमानं म्हनून." आणि ती पायरीवरच रडायला लागली.

"बर्री व्याही, बर्री, आत या," असं कानडी-मराठीत म्हणत शांतव्वा पदर सावरत बाहेर आल्या. रुद्रेशनं पाया पडून पाणी दिलं. सोप्यापुढं अंगणात ट्रॅक्टरला हार घातलेला होता आणि त्यापुढं पोत्यावर त्याची हत्यारं मांडलेली, साऱ्यांवर विभूतीची बोटं. पाणी पिता पिता जोतीरामांची नजर तिथं गेली आणि अडकली. आतून दात असलेला, गोल झालेल्या डोक्यावर ठोकून बसवायचा एक आखूड पाना होता त्यात. असला पाना पिराजीकडंही नव्हता.

शांतव्वांनी ती नजर ओळखली. "ह्योच लागतोय काय?"

"असू द्या. पुजल्यात."

"देव माझ्या घरातला हाय. त्येला मी सांगते." म्हातारीनं तबकातून चिमूटभर अक्षता घेतल्या, त्या एकट्या पान्यावर टाकल्या, पाना जागचा इंचभर सरकवला आणि हात जोडले. "ह्येची उत्तरपूजा झाली. बाकीची ऱ्हाऊ देत उद्यापत्तर. पयल्यांदा दारात आल्याला व्याही रिकाम्या हातानं परत लावू व्हय मी?"

जोतीरामांनी हात पुढं केला. त्याआधी तेजस्वीनं पाना उचलून कमरेला खोचला.

"ह्यो माझ्यापाशी. तुमच्या हातात दिला तर गाडीतच कायतरी पिळत बसशीला."

तिनं पिशवी भरायला वेळ लावला नाही. ती भरलेलीच होती. निघताना गल्ली पुन्हा दारात आली. स्टँडकडं वळण्याआधी जोतीराम थांबले आणि मागं फिरून, मघाशी मिशाळानं काढला होता तसला आवाज त्यांनी काढला.

"जावय! उद्या चाक निघालं की येतो. गाडी दारात लावतो. तुमी आन् इहीनबाई तयार ऱ्हावा, सोनं लुटायला कोल्हापूरला!"

"आबा," तेजस्वी हळूच म्हणाली, "आधी तेल सोडू या."